न लागलेला दिवा

दिवाळी अंकात दिव्यांवर लिहायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. या सदरात वर्षभर मी म्हणींवर लिहिते, शेजारणींवर लिहिते, क्वचित विद्यार्थ्यांवरही लिहिते. पण आश्विन लागला की संपादकांचा निरोप येतो आणि त्यात 'यंदा तरी दिव्यांना विसरू नका' असे प्रेमाने बजावलेले असते. यंदा मी त्यांची आज्ञा पाळते आहे. फक्त माझा दिवा पणतीतला नाही आणि आकाशकंदिलातलाही नाही. तो एका जुन्या पिकप गाडीच्या डॅशबोर्डावरचा, करंगळीच्या नखाएवढा, पिवळा दिवा आहे. आणि गोष्ट तो लागल्याची नसून न लागल्याची आहे.

माझे माहेर रेवदंड्याचे. वडिलांच्या पश्चात नारळी-पोफळीची वाडी धाकटा भाऊ पाहतो आणि जोडीला एक पिकप ठेवून आहे. पहाटे होड्या बंदराला लागल्या की मासळीच्या टोपल्या आणि बर्फ हौद्यात भरायचा आणि चौल, नागाव करीत अलिबागचा बाजार गाठायचा. परतताना किराणा, सिमेंट, लग्नसराईत मांडवाच्या खुर्च्या. गाडी बारा-तेरा वर्षांची आहे. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही. दोष कंपनीच्या नावात नव्हता, तो कुठे होता ते पुढे येईलच.

ही गाडी चालवतात मामा. ते आमचे सख्खे मामा नव्हेत. अवघ्या आळीचेच मामा. वडिलांच्या वेळी आमच्याकडे एक मोडका ट्रक होता तेव्हापासून ते आमच्या घरचे. मला सायकल त्यांनी शिकवली. आज वय सदुसष्ट. नजर घारीसारखी, बोलणे मोजके. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक कोंबडीदेखील चिरडली गेलेली नाही, असे आमची आई सांगत असे, आणि आई कोणाची उगाच स्तुती करणारी नव्हती.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी घरी पोहोचले, तर दारात रांगोळी होती, कंदील होता, पण घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. भावजयीने चहा पुढे ठेवला आणि हळूच सगळे सांगितले. त्या दिवशी सकाळी बाजारपेठेत, माणसांच्या गर्दीत, अगदी चालण्याहून थोड्या जास्त वेगाने जात असताना मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. ती तशीच पुढे सरकत गेली आणि रस्त्याकडेला पणत्या मांडून बसलेल्या कुंभारणीच्या पथाऱ्यात घुसली. शे-दीडशे पणत्यांचा चुरा झाला. आणि पणत्यांमागे, हातभर अंतरावर, कुंभारणीची चार वर्षांची नात मातीचा बैल घेऊन खेळत बसली होती.

पोरीला काही झाले नाही. पण 'काही झाले नाही' हे शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो त्यातच सगळे आले. भाऊ धावत गेला, नुकसान भरून दिले, आणि मग भर बाजारात, चार माणसांदेखत मामांना म्हणाला, "मामा, आता पुरे. वय झालं तुमचं. उद्यापासून चावी माझ्याकडे." मामांनी चावी काढून दिली आणि घरी चालत गेले.

"ते काय म्हणत होते?" मी विचारले.

"तेच, जे महिनाभर म्हणताहेत," भाऊ म्हणाला. "हळू असताना ब्रेक दाबला की पेडल थरथरतं आणि गाडी सरकते. अगं ताई, मी काय दुर्लक्ष केलं का? तालुक्याला गॅरेजात नेऊन दाखवली. त्यांनी ब्रेकचे गट्टू पाहिले, ऑइल पाहिलं, यंत्र लावून पाहिलं. एकही कोड नाही. आणि एबीएसचा दिवा? तो तर लागतच नाही. बिघाड असता तर दिवा लागला नसता का?"

त्याच्या बाजूने तीन साक्षीदार होते: न लागलेला दिवा, न सापडलेला कोड आणि मामांचे सदुसष्ट वय. मामांच्या बाजूने एकच होता, त्यांचा स्वतःचा उजवा पाय. रात्री मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बसले होते. मला पाहून म्हणाले, "ताय, मी खोटा बोलंन. माजा पाय खोटा बोलाचा नाय."

मला यंत्रातले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. परंतु एक गोष्ट माझ्या धंद्याने मला शिकवली आहे. जुन्या पोथीत एखादी ओळ लागेनाशी झाली की पहिला दोष आपण लेखनिकाला देतो; बिचारा मेलेला असतो, उत्तर देत नाही. आणि पुष्कळदा चूक लेखनिकाची नसून आपल्या वाचण्याची असते. मामा तर जिवंत होते आणि उत्तर देत होते. त्यांचे कोणी ऐकून तरी घ्यावे, एवढाच माझा हट्ट.

बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा एक फिटर आहे. वय पस्तीस-छत्तीस, शिक्षण आयटीआयचे, हात काळे आणि डोके स्वच्छ. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेले. त्याने आमच्या भावाला एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न महिनाभरात कोणालाच सुचला नव्हता.

"पेडल थरथरतं म्हणजे एबीएस चालतंय. मग ते बंद पडलंय का, हे तुम्ही कशाला शोधताय? ते नको तेव्हा का चालतंय, हे शोधायला हवं."

इथे थोडे थांबून, ज्या वाचकांच्या घरी मोटार आहे पण तिच्या पोटात डोकावण्याचा प्रसंग आलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते. गाडी मात्र थांबतेच असे नाही. न फिरणारे चाक ओल्या रस्त्यावर साबणाच्या वडीसारखे घसरत जाते, आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग कितीही वळवा, ते ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर ब्रेक एकदम न दाबता दाबत-सोडत, दाबत-सोडत गाडी आणीत. हेच काम यंत्राने करायचे आणि माणसाच्या पायापेक्षा कितीतरी जलद करायचे, ही एबीएसची कल्पना. १९५० च्या दशकात ती विमानांच्या चाकांसाठी वापरात आली. आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक, चारही चाकांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था जर्मनीत बॉश कंपनीने तयार केली आणि १९७८ साली ती मर्सिडीझ मोटारीत बसली. पिकप गाड्यांना तिची गरज आणखी वेगळी. हौदा रिकामा असला की पिकपची मागची बाजू हलकी असते; जोरात ब्रेक लागला की मागची चाके आधी अडकतात आणि गाडीची शेपटी फिरते. म्हणून अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९८७ सालापासून आपल्या पिकपना निदान मागच्या चाकांपुरते तरी एबीएस द्यायला सुरुवात केली.

आता या यंत्राला चाक अडकले हे कळते कसे? प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडे असते, आणि त्या कड्याच्या अगदी जवळ, नखाच्या जाडीएवढ्या फटीवर, एक सेन्सर बसवलेला असतो. जुन्या गाड्यांतला सेन्सर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार. कड्याचा एकेक दाता समोरून गेला की तारेत विजेची एकेक लहर उठते. लहरी किती वेगाने येतात त्यावरून गाडीतला छोटा संगणक चाकाचा वेग जाणतो. तीन चाके फिरताहेत आणि चौथ्याकडून लहर येत नाही, म्हणजे चौथे अडकले, असे समजून तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो. ब्रेक सैल होताना आणि पुन्हा आवळताना पायाखाली जी थरथर जाणवते, तीच मामांची थरथर.

फिटरने आधी साध्यासुध्या गोष्टी पाहिल्या. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो की नाही, हे पहिले. तो लागला आणि विझला. म्हणजे दिवा जिवंत आहे. "जुनी गाडी विकत घेताना हे आधी बघा, ताई," तो म्हणाला. "दिवा सारखा लागून राहतो म्हणून काही लोक बल्बच काढून टाकतात. मग चावी फिरवल्यावरही तो लागत नाही, आणि घेणारा खूश होतो." मग त्याने ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. चारही टायर एकाच मापाचे आहेत का ते पाहिले. एका चाकाला लहान टायर असला तर ते चाक जास्त फिरते आणि संगणकाचा गोंधळ होतो. चाके जॅकवर उचलून हलवून पाहिली. बेअरिंग सैल असले तर दातेरी कडे डुलते आणि फट बदलत राहते. बॅटरी तपासली. सगळे ठीक.

"आता रस्त्यावर," तो म्हणाला.

भावाने शाळेचे मैदान सुचवले. सुटी होती, तिथे चिटपाखरू नव्हते. फिटरने मान हलवली. "मैदानात खडी आहे. खडीवर, वाळूवर चाक खरंच घसरतं, एबीएस खरंच चालतं, आणि कधीकधी गाडी थांबायला अंतरही जास्त लागतं. तिथं खरं-खोटं कळायचं नाही. डांबरी रस्ता पाहिजे, कोरडा, रिकामा."

पाडव्याला पहाटे, गाव अभ्यंगस्नानात आणि ओवाळणीत दंग असताना, आम्ही चौघे गावाबाहेरच्या एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. चालवायला कोण बसणार, यावर भाऊ काही बोलला नाही. फिटरने चावी मामांच्या हातात दिली. "ज्याला रोग जाणवतो त्यानंच चालवायचं," एवढेच तो म्हणाला.

मामांनी गाडी ताशी वीस किलोमीटरवर नेली आणि हलकेच ब्रेक दाबला. गाडीचा वेग उतरत आला, आणि अगदी शेवटी, आता थांबणार असे वाटत असतानाच, खालून गुर्रर्र असा आवाज आला, पेडल थरथरले आणि गाडी चांगली सहा-सात फूट पुढे सरकली. मागे बसलेल्या भावाने पुढच्या सीटला हात टेकला तो तसाच राहिला. त्याने स्वतः ही गाडी चालवली होती, पण रिकाम्या महामार्गावर, झोकात. बाजारातल्या चालीने त्याने ती कधी चालवलीच नव्हती.

मग फिटरने एबीएसचा फ्यूज काढला. ताबडतोब पिवळा दिवा लागला, जसा लागायला हवा तसा. पुन्हा वीसचा वेग, पुन्हा ब्रेक. गाडी मुकाट्याने, जागच्या जागी थांबली. एबीएस बंद केले की साधा ब्रेक उरतो आणि साधा ब्रेक खणखणीत होता. म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेत दोष नव्हता आणि मामांच्या पायातही नव्हता. एबीएसला कोणीतरी खोटी बातमी देत होते. (ही परीक्षा रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात आणि जाणत्याच्या देखरेखीखालीच करायची. फ्यूज काढून गाडी रोज चालवणे म्हणजे भोंगा वाजतो म्हणून पहारेकऱ्याला घरी पाठवण्यासारखे आहे. त्याने लगेच फ्यूज परत बसवला.)

बातमी कोण देत होते, हे शोधायला त्याने अलिबागच्या एका मित्राकडून स्कॅनर मागून आणला होता. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरतेच बोलतात. एबीएसचे त्यांना काही विचारता येत नाही. आणि जे विचारू शकतात त्यांनाही लोक एकच विचारतात: 'कोड आहे का?' कोड नाही म्हटले की प्रकरण मिटले. तालुक्याच्या गॅरेजात तेच झाले होते. या फिटरने कोड विचारलाच नाही. त्याने चारही चाकांचे चालू वेग पडद्यावर एकाखाली एक मांडले आणि यंत्र माझ्या मांडीवर ठेवले. "ताई, तुम्ही वाचनाच्या माणूस. मोठ्याने वाचा."

मामा गाडी चालवत होते आणि मी वाचत होते. पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे, मागचे उजवे. "वीस, वीस, वीस, वीस." मामांनी ब्रेक दाबला. "सोळा, सोळा, सोळा, सोळा. बारा, बारा, बारा, बारा. दहा, दहा, दहा, दहा." आणि पुढचा शब्द माझ्या तोंडून नीट फुटेना. "शून्य, आठ, आठ, आठ."

पायाखाली थरथर सुरू झाली. पुढचे डावे चाक फिरत होते. संगणकाला मात्र ते अडकलेले दिसत होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाचन केले, पण चार आकड्यांच्या एका ओळीने एखाद्या माणसाची अब्रू परत मिळते, हे त्या दिवशी प्रथम पाहिले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आरशातून मागे, भावाकडे, एकदा पाहिले आणि गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली.

मग दिवा का लागला नाही? फिटरचे उत्तर मला फार मार्मिक वाटले. वेग असताना सेन्सरकडून येणारी लहर जोरकस असते. फट थोडी वाढली तरी ती पोहोचते आणि चारही चाके जुळतात. चाक मंदावले की लहरच क्षीण होते, आणि वाढलेल्या फटीतून ती पोहोचत नाही. संगणक काय पाहतो? आत्तापर्यंत नीट बोलत असलेले चाक ब्रेक दाबल्यावर एकदम गप्प झाले. चाक खरोखर अडकल्यावरही त्याला हेच दिसते. म्हणून तो त्याला बिघाड मानीत नाही, आणीबाणी मानतो, आणि इमानेइतबारे आपले काम करतो. दिवा खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच तो सांगत होता. आणि आम्ही त्याच्या मौनाला साक्ष समजलो.

गॅरेजात आल्यावर चाक काढले. त्याने मीटर लावून डाव्या सेन्सरच्या तारेचा रोध मोजला आणि लगेच उजव्याचाही मोजला. दोन्ही जवळजवळ सारखेच. म्हणजे तार तुटलेली नव्हती, सेन्सर मेलेला नव्हता. मग चाकाचा हब हाताने सारख्याच वेगाने फिरवून विजेची लहर मोजली. उजवीकडे जेवढी, त्याच्या निम्मीदेखील डावीकडे नव्हती. "नुसता डावा बघून काय कळणार?" तो म्हणाला. "शेजारी चांगला आहे तर त्याच्याशी ताडून बघायचं."

मला अलिबागची वेधशाळा आठवली. शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि त्यांच्या विजेने ती नाजूक मोजणी बिघडेल म्हणून नवी वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला बांधण्यात आली. तीही लोहचुंबकाला न ओढणाऱ्या पोरबंदरी दगडात. १९०४ साली तिथे काम सुरू झाले. पण डॉ. नानाभाई मूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याची मोजणी लगेच थांबवली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम मोजणी चालू ठेवून आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, आणि मगच जुन्या ठिकाणचा निरोप घेतला. पहिली विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्रज्ञांची रीत आणि बंदरावरच्या आमच्या फिटरची रीत एकच होती: चुंबकाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा, पण त्याच्या आजूबाजूला काय बिघडवणारे आहे ते आधी पाहायचे, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याशी ताडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

डाव्या सेन्सरच्या आजूबाजूला काय होते? फिटरने त्याचा एकुलता एक बोल्ट काढला. सेन्सर निघेना. तेल सोडून, हळूहळू हलवून तो बाहेर आला, आणि तो जिथे टेकतो त्या जागेवर तांबूस गंजाची पापुद्र्यावर पापुद्रे चढलेली एक टेंगूळवजा गादी तयार झालेली दिसली. फार नाही, फुगून नखाएवढी झाली असेल. पण त्या गादीने सेन्सरला खालून उचलून धरले होते आणि दातेरी कड्यापासून दूर नेले होते. सेन्सर निर्दोष, कडे निर्दोष, संगणक निर्दोष. मधे बसलेले होते आपले मीठ.

मीठ आमच्याकडे हवेतच असते. खिडक्यांचे गज खाते, पंख्यांची पाती खाते, दारांच्या कड्या खाते. त्यात या गाडीच्या हौद्यातून मासळीचे बर्फपाणी ठिबकणार, आणि उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी रस्त्याच्या कडेला साचणार. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जातो. म्हणून त्या खाऱ्या पाण्यातून रोज जाते ते डावे चाक. उजव्या चाकाखालीही गंज धरला होता, पण पातळ.

घरी आल्यावर मी थोडी चौकशी केली, तेव्हा कळले की आमच्या मामांना फार लांबचे सोबती आहेत. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. तिथे १९९९ ते २००२ या सालांतल्या पिकप आणि तशाच मोठ्या गाड्यांत हाच गंज, हीच फट आणि हळू वेगात हीच थरथर सुरू झाली. २००५ साली जनरल मोटर्स कंपनीने थंड, खारट रस्त्यांच्या राज्यांतल्या सुमारे आठ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्या आठ लाखांमागेही कित्येक ड्रायव्हर असतील, ज्यांना आधी कोणीतरी 'तुझा पायच बरोबर नाही' असे म्हटले असेल.

इलाज रोगाच्या मानाने अगदीच घरगुती निघाला. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ती जागा लखलखीत धातू दिसेपर्यंत घासली, पुसली, गंजरोधक लावला. फट मोजून पाहिली. सेन्सर तोच बसवला. उजवीकडेही तेच केले, कारण जे आज डावीकडे झाले ते उद्या उजवीकडे होणारच. पुन्हा रस्ता, पुन्हा मामा, पुन्हा माझे वाचन. "आठ, आठ, आठ, आठ. सहा, सहा, सहा, सहा." गाडी थांबली. थरथर नाही, गुरगुर नाही. फिटरने जाताना दोन गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्याही उपयोगी पडतील. पिवळा दिवा एकटाच लागून राहिला तर साधा ब्रेक चालू असतो, जपून गॅरेजापर्यंत जावे. पण त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी जिथे असेल तिथे कडेला घ्यावी, पुढे नेऊ नये. आणि ब्रेकचे तेल हवेतली ओल पिते. समुद्रकाठच्या माणसाने ते दर दोन वर्षांनी बदलायला विसरू नये.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी ओवाळले. भावाने तबकात पाकीट ठेवले. मी ते परत त्याच्या हातात दिले. "ओवाळणी मी मागेन ती घालायची," मी म्हटले.

त्याला कळले. चार माणसांदेखत मारलेला शब्द घरात, दिवाणखान्यात, चहा पिताना परत घेता येत नाही. तो जिथे टाकला तिथूनच उचलावा लागतो. दहा वाजता, बाजार भरल्यावर, तो मामांना घेऊन कुंभारणीच्या पथाऱ्यापाशी गेला. दिवाळी सरत आलेली, पण तिच्याकडच्या उरलेल्या सगळ्या पणत्या त्याने घेतल्या. आणि तिला, आजूबाजूच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजी, त्या दिवशी चूक मामांची नव्हती. गाडी बिघडली होती. मामा महिनाभर सांगत होते, मी ऐकलं नाही. चूक माझी." आणि चावी मामांच्या हातात दिली.

पोरगी तिथेच होती. मातीच्या बैलाचे एक शिंग मोडले होते. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बैल हातात घेऊन, काही न बोलता, बराच वेळ न्याहाळत राहिले. मग उठून भावाला म्हणाले, "आता दर पावसाल्यानंतर चाकं खोलाची. नि घासाची. इसराचा नाय." एवढेच. माफीबद्दल एक अक्षर नाही.

वर्ष झाले त्याला. परवाच भावाचा फोन आला; पाऊस सरला, सेन्सर काढून जागा घासून झाली, उजवीकडे थोडा गंज धरला होता म्हणाला. मामा गाडीवर आहेत. डॅशबोर्डावरचा तो पिवळा दिवा रोज पहाटे दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. तो विझला म्हणून आता कोणी निर्धास्त होत नाही. भाऊ म्हणतो, "गाडी कशी आहे हे मी हल्ली आधी मामांना विचारतो."